कोंडाबाईचं साल

दिवाळी झाली की आमच्या घरात एक भांडण सुरू होतं आणि ते होळीपर्यंत चालतं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझे सासरे मारोती, आणि मधे माझा नवरा रविकांत, जो दोघांनाही ‘बरोबर आहे’ म्हणतो आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरतो. मी फोनवर म्हणते, मामा, थंडीचे दिवस तरी लातूरला या. मामा म्हणतात, येतो की, थंडी तर पडू दे. मी म्हणते, पडलीय, टीव्हीवर सकाळपासून तेच दाखवतायत. मग मामा तिकडे हसतात आणि आपलं ठरलेलं वाक्य टाकतात, ‘‘ही काय थंडी हाय?’’

या वाक्यापुढे माझं काही चालत नाही. शाळेत मी अख्खा वर्ग नुसत्या नजरेनं गप्प करते, पण हा एक म्हातारा मला इतकी वर्षं पुरून उरला आहे. मग शनिवारी शाळा सुटली की मी लातूरहून नांदेडची एसटी धरते, नांदेडहून किनवटकडे जाणारी गाडी पकडते आणि इस्लापूरच्या अलीकडे उतरून त्यांच्या दारात जाते. डबे, गोळ्या, धुतलेले कपडे. रविवारी परत. सोमवारी पहिल्या तासाला फळ्याकडे तोंड करून मी जांभया देते. रविकांतला कार्यालयातून सुट्टी मिळत नाही, आणि खरं सांगायचं तर मिळाली तरी त्या घरात त्याला बसवत नाही. का, ते पुढे येईलच.

मामा म्हणजे रेल्वेचे गँगमन. जन्मभर रूळ तपासत चालले. थंडीत रूळ आखडतो आणि एखाद्या सांध्याशी तडकतो, म्हणून हिवाळ्यात रात्रीची गस्त असते. कंदील, हातोडा आणि दोन्ही बाजूंना सागाचं रान. निवृत्त झाल्यावर त्यांनी रुळाच्याच काठाला पत्र्याच्या दोन खोल्या बांधल्या. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खुंटीला कंदील, कोपऱ्यात पत्र्याची पेटी. बास. पोरगा लातूरला स्लॅबच्या घरात राहतो याचा त्यांना अभिमान आहे, पण तिथं राहायला बोलावलं की विचारतात, पाणी घरून आणावं लागंल का?

मागच्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. नांदेडच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की छाती झिजली आहे, असा आणखी एक झटका त्यांना झेपणार नाही. पुढच्या थंडीत त्यांना एकटं ठेवू नका. मी हे मामांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘त्या डॉक्टरचं वय काय?’’ मी म्हटलं, असेल पस्तिशीचा. तर म्हणाले, मग त्यानं थंडी पाहिलीच न्हाई.

आता हे ‘थंडी पाहणं’ काय ते सांगायला हवं. मामांच्या दारात चिंचेखाली हिवाळ्यात रोज सकाळी शेकोटी पेटते. तिथं थंडी आकड्यात कुणी सांगत नाही. तिथं रोजच्या थंडीची जुन्या थंडीशी गाठ घालून देतात. आज सकाळची थंडी आली, तर ती कोणत्या सालाच्या जवळ बसते, हे ठरल्याशिवाय कुणी उठत नाही. नवीन माणूस शेकायला आला तर त्यानंही आधी आपलं साल सांगायचं, मग हात पुढे करायचे. मी सून असून मलाही सूट मिळाली नव्हती. मी बी.एड.च्या वर्षाचं नाव घेतलं. वसतिगृहाच्या खिडकीला काच नव्हती, म्हणून. सगळे माझ्याकडे दयेनं बघत राहिले.

या शेकोटीचे कायमचे मेंबर तीन. एक मामा. दुसरे साहेबराव काका, मामांचे लहानपणापासूनचे दोस्त आणि थंडीच्या बाबतीतले कायमचे वैरी. काकांचं साल गारपिटीचं. उन्हाळ्याच्या तोंडाला आभाळ फाटलं, गव्हाच्या वावरात गारांचा थर साचला, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो वितळला नाही. चिंचेखाली मेलेल्या पोपटांचा सडा पडला होता. काकांच्या बैलाच्या पाठीवर वळ उठले होते. सगळं रान पांढरं, नातू म्हणाला आजोबा काश्मीर, हे काका प्रत्येक वेळी नव्यानं सांगतात आणि प्रत्येक वेळी गारेचा आकार थोडा वाढतो. माझं लग्न झालं तेव्हा ती लिंबाएवढी होती, ती आता मोसंबीपर्यंत आली आहे.

तिसरे मल्लिनाथ. देगलूरकडचे, फौजेतून परत आले आणि बायकोच्या गावी घर बांधून राहिले. त्यांनी लेहला बर्फ पाहिलेला. गुडघ्याएवढा, कमरेएवढा. आपली थंडी म्हणजे पंखा लावून झोपायची थंडी, असं त्यांचं मत. बोलता बोलता थंडीला कानडीतलं ‘चळी’ म्हणतात आणि डोक्याला मफलर मात्र दसऱ्यापासून बांधतात. त्यांना शेकोटीत मान होता, पण निकालात जागा नव्हती. दुसऱ्याच्या मुलखातली थंडी इथं धरायची नाही, असा नियम मामांनी काढला होता.

आणि मामांचं साल? मामांचं साल बोललं जायचं नाही. सगळं ऐकून घेऊन मामा काठीनं विस्तव सारखा करायचे आणि म्हणायचे, त्या सालापुढं काहीच न्हाई. साहेबराव काका चिडायचे. खामखा आपलं ते साल, ते साल. गारपिटीनं जिल्हा झोपवला होता, मारोत्या. मामा म्हणायचे, गारपीट दुपारची पाव्हणी होती, आली अन् गेली. थंडी मुक्कामाला यावी लागती.

एकदा मामा सरपण आणायला मागे गेले असताना मी काकांना विचारलं, ते साल म्हणजे नेमकं काय. काकांनी हळू आवाजात सांगितलं.

रविकांत तेव्हा लहान होता, आईच्या कुशीत झोपायच्या वयाचा. माझ्या सासूबाईंचं नाव कोंडाबाई. त्या हिवाळ्यात अशी थंडी पडली की नळाच्या तोटीतून पाणी येईना आणि रानातली पाखरं फांदीवरून गळून पडली. घरात धड पांघरूण एकच होतं, कोंडाबाईंनी जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ. त्या रात्री मामांची गस्त होती. वाकळ कुणी घ्यायची यावरून दारात वाद झाला. मामा न घेताच निघाले, तर त्या मागून रुळावर पळत गेल्या आणि त्यांच्या खांद्यावर वाकळ टाकून आल्या. स्वतः घरी पातळ चादरीत पोराला पोटाशी धरून झोपल्या. पुढं त्यांना ताप भरला, छाती भरली, आणि माघ संपायच्या आत त्या गेल्या. पोरगा वाचला.

मातीच्या वेळी त्यांच्या माहेरच्या कुणीतरी सगळ्यांसमोर म्हटलं की वाकळ घरी ठेवली असती तर पोरगी जगली असती. गावातली जाणती माणसं मधे पडली. म्हणाली, थंडीच तशी होती, दहा वाकळा असत्या तरी माणूस टिकलं नसतं. मामांनी ते वाक्य धरून ठेवलं. काका म्हणाले, ‘‘त्यानं मला एकदाच सांगितलं, पोरी. त्या रात्री रुळावर चालताना त्याला वाकळीत घाम आला होता.’’

तेव्हा मला सगळं कळलं, आणि आधी राग आला, मग रडू. हा माणूस दर हिवाळ्यात थंड्यांची तुलना काय हौसेनं करत नव्हता. त्या सालापेक्षा मोठी थंडी पडली आणि तिच्यात माणसं आपली चहा पीत तगली, तर मग कोंडाबाई थंडीनं कशा गेल्या म्हणायच्या? म्हणून कुठल्याच थंडीला वर चढू द्यायचं नाही. आणि आपल्याला थंडी वाजते हे कधी कबूल करायचं नाही. वाकळ त्यांनी पेटीत ठेवली ती पुन्हा अंगावर घेतली नाही. मी घेऊन दिलेला स्वेटरही त्याच पेटीत, घडीसकट.

गावाला यातलं काय ठाऊक. मारोतीबाला थंडी वाजत नाही, एवढंच सगळ्यांना माहीत. कुठल्याशा मंडळानं म्हाताऱ्यांना ब्लँकेटं वाटली तेव्हा मंडळाची पोरं मामांचं घर सोडून पुढं गेली. मी तिथंच होते. मी त्या पोरांना हाक मारून परत बोलावलं आणि चार शब्द सुनावले, तर ती पोरं म्हणाली, ताई, बाबाच नको म्हणतात. मामा मागून मान डोलवत होते. मला इतकी शरम आणि इतका संताप आला की मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी परत जाताना त्यांनी माझ्या पिशवीत सीताफळं ठेवली. आमचं भांडण असं मिटतं, पण थंडीचा प्रश्न तसाच राहतो.

हे सगळं रविकांतला मी कधी विचारलं नाही. पोटाशी धरलेला पोरगा तोच. त्याला आठवत नाही असं तो म्हणतो. पण लातूरला आमच्याकडे पांघरुणं गरजेपेक्षा जास्त आहेत आणि तो एकही कुणाला देऊ देत नाही.

यंदा मी दिवाळीपासूनच जोर धरला होता. डॉक्टरांचं नाव घेऊन झालं, रागावून झालं, अबोला धरून झाला. मामा बधले नाहीत. गंमत म्हणजे यंदा थंडीनंच मला दगा दिला. सगळा हिवाळा ढगाळ. पौषातसुद्धा वर्गात पंखा चालू ठेवावा लागत होता. मामा फोनवर विजयी आवाजात सांगायचे की शेकोटीत भांडायलासुद्धा काही उरलं नाही, साहेबराव नुसता जांभया देऊन राहिला. मला वाटलं, चला, हा हिवाळा फुकटात गेला. पुढच्या वर्षी बघू. मी खरंच थकले होते. दोन शनिवार मी गेलेच नाही.

तिसऱ्या शनिवारी नांदेडला नात्यातल्या घरी मुक्काम केला आणि रविवारी सकाळच्या गाडीनं गेले. डब्यात घामाचा वास होता. स्टेशनवरून पिशव्या घेऊन चालत येताना माझा ब्लाउज पाठीला चिकटला. ऊन चांगलं वर आलं होतं, तरी लांबून मला चिंचेखाली धूर दिसला. एवढ्या उशिरा शेकोटी कशाला, असं मनात आलं.

जवळ गेले तर साहेबराव काका शर्टाची बटणं सोडून बसलेले, आणि मल्लिनाथांच्या डोक्याला मफलर नव्हता. दोघंही जाळापासून मागे सरकून बसले होते. मामा मात्र अगदी विस्तवाशी. आणि त्यांच्या अंगात माझा स्वेटर होता, घडीच्या रेघा तशाच असलेला.

आधी मला आनंद झाला. अखेर घातला, असं वाटलं. मग त्यांचे हात दिसले. काठी हातात धरली होती आणि काठीचं टोक राखेत सारखं थरथरत होतं.

‘‘आलीस माय,’’ मामा म्हणाले. ‘‘अंगात काही घाल. लई गारठा हाय.’’

मी त्यांच्या पायाला हात लावला. पाऊल थंडगार, कपाळ तापलेलं. मी काकांकडे बघितलं. त्यांनी हळूच सांगितलं की कालपासून असंच आहे, आणि हा दवाखान्याला चल म्हटलं तर ऐकत नाही. मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं, फोन का केला नाही म्हणून. पण मामा पुढे काहीतरी बोलत होते, विस्तवाकडे बघत, जसे ते दर सकाळी निकाल द्यायचे तसे.

‘‘मी म्हनत व्हतो न्हाई, न्हाई. पर यंदाची जास्त हाय. त्या सालापरीस जास्त.’’

लग्न होऊन या घरात आल्यापासून मी हे वाक्य ऐकायला धडपडत होते. एकदा त्यांनी थंडी वाजते म्हणावं, की मी त्यांची पिशवी भरली असती. आता ते म्हणाले आणि मला वाटलं, नको. हे शब्द परत घ्या मामा. माझ्या कपाळावरून घाम ओघळत होता, आणि हा माणूस स्वतःच्या तोंडानं आपलं साल मोडीत काढत होता. आयुष्यभर ज्याला टेकून उभे राहिले, तेच त्यांनी सोडून दिलं होतं.

साहेबराव काकांना खरं तर जिंकायची हीच संधी होती. एवढ्या वर्षांत मामा पहिल्यांदा मागे हटले होते. काका उठले, जाळाच्या आणि मामांच्या मधे येऊन उकिडवे बसले.

‘‘ही काय थंडी हाय?’’ काका म्हणाले. ‘‘यंदा थंडीच न्हाई, मारोती. मला घाम आलाय बघ. तुला ताप हाय म्हनून वाजून राहिली.’’

मामांनी त्यांच्याकडे बघितलं. मग मल्लिनाथांकडे. मल्लिनाथांनी घसा साफ केला आणि म्हणाले की खरं आहे, रात्री पंखा लावून झोपलो होतो.

‘‘अन् ते साल?’’ मामांनी विचारलं.

‘‘त्या सालासारखी पुन्हा झाली न्हाई,’’ काका म्हणाले. ‘‘गारपीट झाली ती एका दुपारची. मी आपलं तुला चिडवायला बोलत व्हतो. त्या सालाच्या जवळपास कंदी काही आलं न्हाई.’’

लाकूड फुटलं आणि ठिणग्या उडाल्या, तरी मामांनी पाय मागे घेतले नाहीत. मग लहान मुलानं विचारावं तसं त्यांनी विचारलं, ‘‘म्हंजे थंडीनंच गेली ती?’’

‘‘थंडीनंच गेली,’’ काका म्हणाले. ‘‘तुझ्यानं न्हाई.’’

मामांची मान खाली गेली. ते रडले की नाही मला सांगता येणार नाही, कारण मीच रडत होते. मल्लिनाथ उठून उगाच सरपण आणायला गेले. सरपणाची तर काहीच गरज नव्हती.

थोड्या वेळानं मामा म्हणाले, ‘‘ज्योत्स्ना, पेटीतली वाकळ काढ.’’

मी आत जाऊन पेटी उघडली. कडुलिंबाचा सुकलेला पाला बाजूला केला. वाकळ मी पहिल्यांदाच हातात घेतली. वाटली होती त्यापेक्षा फार जड होती. हिरव्या आणि जांभळ्या लुगड्यांचे तुकडे, टाके बारीक आणि एकसारखे, एका कोपऱ्यात मात्र घाईत घातलेले. बाहेर येऊन मी ती त्यांच्या खांद्यावर टाकली. त्यांनी दोन्ही हातांनी ती पुढे ओढून घेतली आणि डोळे मिटले.

मी रविकांतला फोन लावला. बाबा येतायत, म्हटलं, आणि तू नांदेडला ये, आपण आधी दवाखान्यात जाऊ. काही न विचारता तो म्हणाला, निघालोच. मग थोडं थांबून त्यानं विचारलं, त्यांच्या अंगावर काय आहे? मी म्हटलं, वाकळ. पलीकडे त्यानं फोन तसाच कानाला धरून ठेवला.

मल्लिनाथांनी ओळखीची जीप आणली. काका स्टेशनपर्यंत जाऊ नका म्हणाले, गाडी कधी येईल भरवसा नाही, म्हणून सरळ नांदेडपर्यंत जीपच केली. निघताना मामांनी चिंचेकडे बोट दाखवून काकांना सांगितलं की विस्तव झाकून ठेव. काकांनी मान हलवली आणि शर्टाची बटणं लावायला घेतली.

जीपच्या खिडक्या मामांनी बंद करायला लावल्या. आत भट्टीसारखं उकडत होतं. ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत होता. मी पिशवीतला माझा स्वेटर काढला आणि अंगात घातला. मामांनी तो बघितला आणि त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. डोकं त्यांनी माझ्या खांद्यावर टेकलं. त्यांचा श्वास घरघरत होता, पण चालू होता.

भोकर ओलांडल्यावर त्यांनी डोळे न उघडता विचारलं, ‘‘लातूरला असती का थंडी?’’

‘‘असते थोडी,’’ मी म्हटलं.

‘‘कशी असती?’’

‘‘काही नाही हो मामा,’’ मी म्हटलं. ‘‘त्या सालापुढं काहीच नाही.’’

त्यांनी मान हलवली. मी वाकळीचं टोक त्यांच्या पायाखाली नीट खोचलं आणि त्यांना झोप लागेपर्यंत तिथंच हात ठेवला.